आधी तू जेव

बाल्कनीतल्या खुर्च्यांत ढेकूण होते म्हणून मी तो सिनेमा बघितला. न्हाईतर मला कोण बाल्कनीत बसवतंय?

सांगते. मोठ्या दुष्काळात आम्ही नवरा-बायको राजूरकडचं आमचं गाव सोडून जालन्याला आलो. तेव्हा जालना जिल्हा नव्हता, औरंगाबादमधलाच एक तालुका. आमचे हे मोंढ्यात हमाल लागले आन मला नवीन जालन्यात एका शेठच्या बंगल्यावर काम भेटलं. धुणं, भांडे, फरशी, अंगण. शेठची लेकरं लांब कुठंतरी बोर्डिंगात शिकायला होती, त्यामुळं एवढ्या मोठ्या घरात माणसं तीनच. शेठ, शेठची बायको आन स्वयंपाकाचे महाराज. शेठच्या बायकोला सगळे भाभी म्हणायचे, मीबी भाभीच म्हणायची. महाराज म्हणजे मारवाडातून आलेला बामण, वीस वर्षं ह्याच घराच्या चुलीपुढं. पोट एवढं मोठं, की पाटावरून उठायचं म्हणलं की आधी दोनदा "हे राम" म्हणायचे. साखरेच्या डब्यात मुंग्या झाल्या तर एकेक मुंगी बोटावर घेऊन तुळशीपाशी सोडून यायचे. असला माणूस.

आम्ही बौद्ध. माझ्या बापानं छप्पन सालीच दीक्षा घेतल्ती. त्या घरात स्वयंपाकघराचा उंबरा मला बंद होता. कुणी तोंडानं तसं म्हणलं न्हाई, पहिल्या दिवशी भाभीनं नुसतं बोटानं दाखवलं, इथपर्यंत. मागच्या अंगणात मोरीजवळ एक कोनाडा होता, त्यात माझा कप. कान तुटलेला. महाराज वरून चहा ओतायचे, मी खाली कप धरायची, पिऊन झाला की मीच धुऊन परत कोनाड्यात ठेवायची. घरातली सगळी जेवली की उरलेलं माझ्या पितळीत पडायचं. राग यायचा का म्हणाल, तर खरं सांगते, तेव्हा यायचा न्हाई. दुष्काळी कामावर खडी फोडून आलेल्या माणसाला गरम चहाचा राग येत न्हाई.

तर भाभीची भिशी होती. सात-आठ मोठ्या घरच्या बायका, महिन्यातून एकदा एकीच्या घरी जमायच्या. एकदा टॉकीजवाल्याचा टांगा दोन्ही अंगाला पोस्टर बांधून, भोंगा वाजवत आमच्या रस्त्यानं गेला. पोस्टरवर एवढं लांब जेवणाचं टेबल, वर काचेचं झुंबर, टेबलाभोवती भरजरी साड्यांतल्या बायका आन सुटातले बाप्ये, आन मधी कमरेत वाकलेला एक हसऱ्या तोंडाचा खानसामा, हातात झाकलेलं ताट. बायकांना वाटलं, वा, साड्या बघू, झुंबर बघू, टेबल कसं मांडतात ते बघू. ठरलं, शनिवारी दुपारच्या खेळाला जायचं.

पण त्या टॉकीजच्या बाल्कनीत ढेकूण लई. ढेकणाला काय, शेठाणी आन हमालीण सारखीच. म्हणून भाभी मला म्हणली, "तू चल संग. चादरी घे आठ. खुर्च्यांवर टाक, आन खेळ सुटला की झटकून घडी कर." अशी मी गेले. चादरी टाकल्या, आन बाजूच्या पायऱ्यांवर भाभीच्या खुर्चीच्या जवळच बसले. मला तेव्हा सहावा सरून सातवा लागल्ता. पायऱ्यांवर बसताना पोट सांभाळून बसावं लागायचं.

आता सिनेमा काय होता ते सांगते, म्हणजे पुढचं कळेल.

मुंबईतले दहा-बारा बडे लोक. दर आठवड्याला एकाच्या बंगल्यावर जेवायचे. तिथं तो खानसामा. गोड बोलणारा, दर वाक्याला "हुजूर". आन हा खानसामा त्यातल्या एकेकाला मारतो. पण कसा? रागानं न्हाई. अदबीनं! एक सेठ सरबत पुरेसं गार न्हाई म्हणून पोऱ्यांच्या अंगावर गिलास फेकायचा. त्याला खानसाम्यानं बर्फाच्या खोलीत नेऊन बसवलं, बाहेरून कडी लावली आन दाराच्या फटीतून विचारलं, "अब ठंडा है, हुजूर?" एक बाई आपल्या कुत्र्याला माणसापेक्षा चांगलं खाऊ घालायची. तिची प्रेतयात्रा निघाली तर नातेवाईक सगळे वाटणीचं भांडत घरीच थांबले आन मागं चालला एकटा कुत्रा, गळ्यात हार घालून. पोलीस यायचे, तर त्यांनाबी खानसामा आधी जेवू घालायचा. कुणाला शंका येऊ नये म्हणून सगळ्यांच्या देखत पहिला घास हाच खायचा. पण खायच्या आधी गुपचूप उतारा पिऊन यायचा. विषावरचं औषध.

मी पहिलं प्रेत बघितलं आन माझ्या अंगावर काटाच आला. माणसं मरून राह्यली आन खाली थर्ड क्लास हसून राह्यलं! शिट्ट्या, टाळ्या, कुणी पैसे उधळून राह्यलं. एकेक सेठ आडवा झाला की खालून "एक और!" असा गजर. आन वर बाल्कनीत? एकदम गपचीप. भाभीच्या मैत्रिणींनी चिवड्याचा डबा उघडल्ता, तो तसाच मांडीवर. कुणी हात घालीना. मी आपली खाली बघू का वर बघू. मला कळंना की मला भ्याव वाटून राह्यलं का मजा.

मंग ती कपाची बाई आली.

ह्या बाईच्या घरी नोकरांचे कप वेगळे. फुटके, कान तुटलेले. खानसाम्यानं तिच्या चांगल्या कपात विष घातलं आन उतारा घातला नोकराच्या फुटक्या कपात. दोन्ही कप तिच्या पुढं ठेवले. तिनं चांगल्यातला पिला, तसा हा हात जोडून म्हणला, "हुजूर, आपण विष घेतलंय. ह्या फुटक्या कपातलं पिलं की वाचाल. मी जबरदस्ती करत न्हाई." बाईनं त्या कपाकडं बघितलं. घाम सुटलेला, डोळे फिरायला लागलेले, पण नाकाला रुमाल. "नौकर का कप? मैं मर जाऊँ तो भी न पिऊँ!" म्हणली. आन बराबर, मेली.

मी हसले.

असं तोंडातल्या तोंडात न्हाई हो, चांगलं मोठ्यानं, खालच्या थर्ड क्लाससारखं. पोट धरून हसले. त्या गपचीप बाल्कनीत माझं एकटीचं हसणं. आन भाभीनं मान वळवून माझ्याकडं बघितलं. पडद्याचा उजेड तिच्या तोंडावर होता. ती रागावली नव्हती. रागावली असती तर मला कळलं असतं काय करायचं. ती भ्याली होती. माझ्याकडं असं बघत होती जसं मी आत्ताच खालून वर आले आन तिनं मला आधी कधी बघितलंच न्हाई.

सिनेमा तीन दिवस चालला आन उतरला. जालन्यात कुणाला मरणाऱ्या सेठांची एवढी हौस?

सोमवारी दुपारी भांडी घासायला बसले, तर भाभी मागच्या दारात. "ते राहू दे. हात धू. आधी तू जेव."

मी म्हणलं, "भाभी, तुमची जेवणं?"

"आमची मंग. आधी तू."

आन महाराजांनी पितळीत गरम गरम वाढलं. उरलेलं न्हाई. पहिल्या घाण्यातल्या पुऱ्या, वाटीभर खीर, बटाट्याची भाजी, डाळ, लोणचं, जे आत शेठच्या ताटात पडणार ते सगळं. भाभीनं खुर्ची आणवली आन समोर बसली. हातातल्या घड्याळाकडं बघायची, माझ्याकडं बघायची.

"कसं वाटून राह्यलं?"

"लई चांगलं झालंय, भाभी."

"तसं न्हाई. पोटात कसं वाटतं? मळमळ?"

"न्हाई न्हाई. बाळ खुश हाय."

दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी तेच. आतून शेठ विचारायचे, "जेवली का ती? बरी आहे ना?" भाभी म्हणायची, "हो, बरी आहे, या आता तुम्ही." मंग त्यांची पंगत.

आता तुम्ही सांगा, सातव्या महिन्यातल्या बाईला काय वाटंल?

माझी आई दुष्काळातच गेली. सासू त्याच्याही आधी गेलेली. डोहाळे पुरवायला माझ्या मागं कुणी न्हाई. दीक्षा घेतल्यापासून आमच्यात ओटी भरणं, हिरवा चुडा हे सगळं सुटलं, पण पोटुशीला गोडधोड खाऊ घालायचं, तिचं मन मारायचं न्हाई, हे काही कुणी सोडलं नव्हतं. पोटातल्याची इच्छा दीक्षेनं बदलते का? तर मला वाटलं, भाभी माझे डोहाळे पुरवून राह्यली! स्वतःची लेकरं लांब, घर रिकामं, माझं पोट बघून तिला पाझर फुटला. सिनेमातली ती कपाची बाई बघून तिचं तिलाच काही लागलं असंल. हो, असंबी वाटलं मला.

घरी येऊन ह्यांना सांगितलं, "आज श्रीखंड होतं."

हे म्हणले, "बडे लोक हायत, तू उगा लई खुश होऊ नको."

"तुम्हाला कुणाचं चांगलं बघवतच न्हाई."

गल्लीत सगळ्यांना सांगितलं. आमच्या शेजारी एक खाला राहायची, आमच्या गल्लीतली सगळी बाळंतपणं तिच्या हातानं व्हायची. ती म्हणली, "नसीबवाली है तू." मीबी मान डोलावली. महाराजांनाबी आनंद झाल्ता. त्यांना वाटायचं, भाभी पुण्य करून राह्यली. ते माझ्या वाढणीत गुपचूप जास्तीचं तूप सोडायचे. "बेटी, दो जीव है," म्हणायचे. आन मी रोज जेवून उठले की मनातल्या मनात म्हणायची, भाभी, तुझं भलं होवो, तुझ्या लेकरांचं भलं होवो. दहा-बारा दिवस. रोज.

मंग भिशी आमच्याकडं आली.

त्या दिवशी भाभीच्या मैत्रिणी मधल्या खोलीत बसल्त्या. त्या खोलीची खिडकी मोरीच्या अंगाला उघडायची. मी मोरीत परात घासून राह्यल्ते, राख आन काथ्या. बोलणं कान देऊन ऐकायची मला काही हौस न्हाई, पण आपोआप येत होतं.

एक म्हणली, "मला तर तो सिनेमा बघितल्यापासून आमच्या आचाऱ्याच्या हातचं खाववत न्हाई. वाढताना हसला तरी धडकी भरते."

"मला भरत न्हाई," भाभी म्हणली. "मी युक्ती केली ना. आधी कामवालीला जेवू घालते. अर्धा तास बघते. तिला काही झालं न्हाई की मंग आम्ही बसतो."

मी परात घासतच होते. कानात शिरलं, पण डोक्यात जाईना.

"मांजराला का न्हाई देत?" दुसरी म्हणली. "तुझ्याकडं मांजर आहे ना."

"बाई गं! मांजर मेली तर काशीला सोन्याची मांजर वाहावी लागते. ते पाप कुठं फेडू?"

मला वाटलं आता हसतील. कुणी हसलं न्हाई. एक म्हणली, "ते बराबर आहे."

मंग कुणीतरी, आवाज जरा खाली करून, "पण ती पोटुशी आहे ना?"

"तेच तर चांगलं आहे," भाभी म्हणली. साधं, भाजी सांगावी तसं. "पोटुशीला लगेच कळतं. जरा काही वाईट पोटात गेलं की फटकन उलटी करते. आपल्याला कळायला जास्ती वेळ लागला असता. आन त्या दिवशी बाल्कनीत हसली कशी, बघितलं ना तुम्ही? ही आन महाराज मिळालेले असले तर? म्हणून तिलाच आधी."

परात माझ्या हातातून सुटली. एवढा आवाज झाला, तरी आतून कुणी विचारलं न्हाई.

मला आठवत न्हाई मी बंगल्यातून कशी निघाले. कुंडलिका नदीच्या पुलावर आले तेव्हा कळलं, माझ्या हाताला राख तशीच हाय. आन पुलावरच मला दुसरं कळलं. पोटातलं हलून राह्यलं न्हाई. सकाळपासून हललं का? काल हललं का? आठवंना. बारा दिवस खाल्लेलं सगळं आठवलं, खीर, श्रीखंड, तूप. एकेक घास आठवला. आन मला वाटलं, घातलं असंल. कुणीतरी काहीतरी घातलंच असंल, आन मला काही झालं न्हाई कारण ते सगळं ह्या पोटातल्यानं घेतलं. खरं विचारलं तर कुणी काही घालणार नव्हतं. पण त्या वक्ताला मला महाराजांचं हसरं तोंड त्या खानसाम्याचं दिसायला लागलं. भाभीचं भ्याव माझ्यात आलं होतं.

खालाच्या दारात जाऊन मी पडलेच.

"काय कु रो रई गे? क्या हुआ?"

"खाला, हलत न्हाई. बाळ हलत न्हाई."

"चुप. लेट यहाँ. डाव्या कुशीवर."

तिनं मला चटईवर निजवलं, गुळाचं पाणी चमच्याचमच्यानं पाजलं आन पोटावर हात ठेवून बसली. मी रडत रडत सगळं सांगितलं. सिनेमा, पुऱ्या, मांजर. तिचा हात तसाच. मी तिच्या तोंडाकडं बघत होते, आन तिच्या तोंडावरून काही समजत नव्हतं. बाहेर कुणाच्या तरी कोंबड्या ओरडत होत्या. किती वेळ गेला देव जाणे. आमच्यात देव जाणे म्हणत न्हाईत, पण गेला.

आन मंग लात. बरगडीखाली, जोरात.

"मार्‍या देख!" खाला ओरडली. "जिंदा है! तेरी शेठानी कु बोल, उसके मूँ पे मारने कु पाँव तैयार हैं इसके!"

मी हसले का रडले ते खालाला विचारावं लागंल, पण ती आता न्हाई.

आता तुम्ही म्हणाल, दुसऱ्या दिवशी काम सोडायचं. मीबी तेच म्हणते आता. पण त्या घरी मी दोन वर्षं काम केल्तं, आन माझ्या डोक्यात एकच होतं, महाराजांना सांगायचं. ज्याच्या हातच्या अन्नाचा असा तपास चाललाय त्याला माहीत नसावं, हे मला बघवंना.

सकाळी मोरीजवळ त्यांना सांगितलं. त्यांनी सिनेमा बघितला नव्हता, त्यांना आधी सिनेमाच सांगावा लागला. ऐकता ऐकता ते खाली जमिनीवरच बसले. "हे राम" म्हणायचं विसरले.

"मैं? जहर? बेटी, मैं तो... वीस वर्षं..." आन मंग माझ्या पोटाकडं बघून, "आन तुला? तुला देत होतो मी? माझ्या हातानं?"

"तुमच्या तुपानं बाळ चांगलंच झालंय, महाराज. काल लात मारली."

ते उठून आत गेले.

दुपारी भाभी खुर्ची घेऊन बसली. "आधी तू जेव."

महाराज माझी पितळी घेऊन आले. आन दुसऱ्या हातात अजून एक ताट. माझी पितळी खाली ठेवली, आपलं ताट तिच्या शेजारी ठेवलं, आन माझ्या बाजूला, अंगणात, माझ्याच पंगतीला मांडी घालून बसले. जानवं घातलेला बामण.

"महाराज! हे काय? उठा!" भाभी अर्धी उभी राहिली.

"हिच्या आधी मी खातो, भाभी." त्यांनी माझ्या पितळीतली पुरी उचलली. माझ्या पितळीतली! खाल्ली. दुसरी खाल्ली. खीर प्याले. डोळ्यांतून पाणी चालू आन तोंडात घास. "बघा. बघा घड्याळ."

भाभी बघत होती. मला वाटलं, आता तिला लाज वाटंल. वीस वर्षं तिच्या घरात राबलेला माणूस तिच्या समोर असा बसलाय.

भाभी म्हणली, "तुमचा काय भरोसा? तुम्ही आधीच उतारा पिऊन आले असाल. सिनेमात तसंच होतं."

महाराजांचा हात ताटात थांबला.

मी उठले. पोटामुळं उठायला वेळ लागला, पण उठले. म्हणलं, "भाभी, मी उद्यापासून येत न्हाई."

तिच्या तोंडाचा रंगच गेला. "मंग आम्ही जेवायचं कसं?"

हे तिनं खरंच विचारलं. माझं कसं चालंल हे न्हाई, बाळाला काही झालं का हे न्हाई. आम्ही जेवायचं कसं. आन मंग ती पुढं आली, आवाज खाली केला, आन जे म्हणली ते ऐकून मला अजून विश्वास बसत न्हाई. "तू थांब. महाराजांना काढते मी. तूच कर स्वयंपाक. तुझं बघितलंय मी बारा दिवस, तुला काही होत न्हाई. बाहेर अंगणात चूल मांडून देते. कुणाला सांगायचं न्हाई बस."

मला, ज्या बाईला उंबरा बंद, जिचा कप मोरीत, तिला चूल! माझ्या बापाच्या पिढीनं एवढं सोसलं, एवढी भाषणं ऐकली, आन इथं एका सिनेमाच्या भ्यावानं चूल माझ्या हातात येऊन राह्यली.

मी विचारलं, "आन भाभी, मी केलेलं आधी कोण चाखणार?"

ती एक क्षणबी थांबली न्हाई.

"महाराज."

मी महाराजांकडं बघितलं. महाराजांनी माझ्याकडं बघितलं. आन आम्ही दोघं हसायला लागलो. त्यांचं ते एवढं पोट हलायला लागलं, खिरीची वाटी कलंडली, मला भिंतीला धरून उभं राहावं लागलं. आन भाभी पाऊल-पाऊल मागं सरकत गेली, घरात शिरली आन आतून कडी लावली. तिला बराबर वाटलं असंल, की आम्ही दोघं मिळालेले आहोत. त्या दिवशी होतो.

घरी गेले तर हे आधी भडकले. "सातवा महिना चालू हाय आन तू काम सोडून आली? काहून?" मी सगळं सांगितलं. ऐकून झाल्यावर म्हणले, "मी म्हणल्तो," आन लगेच त्यांचं त्यांनाच ते बोलणं वाईट वाटलं.

पण मला खाणं जाईना. अन्न पुढं आलं की ते घड्याळ दिसायचं. घरची भाकर, माझ्याच हातची, माझ्याच चुलीवरची, तरी घास तोंडाशी नेला की हात थांबायचा. एक दिवस, दोन दिवस. खाला म्हणली, असं चाललं तर आता खरंच हलणं बंद होईल. हे घाबरले. बायकोची समजूत कशी काढतात हे त्या माणसाला कधी जमलं न्हाई. तिसऱ्या दिवशी दुपारी हे मोंढ्यातून घरी आले. मी ताट पुढं घेऊन नुसती बसलेली. हे माझ्या शेजारी टेकले, माझ्या ताटातली भाकर मोडली, कालवणाला लावून खाल्ली, आन भिंतीला पाठ लावून बसून राहिले. बराच वेळ.

"हे काय?" मी म्हणलं.

"बघून राह्यलो." मंग माझ्याकडं वळून म्हणले, "जिता हाय मी. खा आता."

मी खाल्लं. दुसऱ्या दिवशीबी तसंच, तिसऱ्या दिवशीबी. पोरगी झाली त्या दिवसापर्यंत माझ्या ताटातला पहिला घास ह्यांनीच खाल्ला. "जिता हाय," म्हणायचे. बोलेपर्यंत निम्मी भाकर त्यांच्याच पोटात गेलेली असायची, मंग मी उठून दुसरी थापायची.